पाठ नाय दाखवायची

वरात निघाली की हा माणूस सगळ्यांच्या पुढे असायचा आणि उलटा चालायचा. पाठ रस्त्याकडे, तोंड नवरदेवाकडे, क्लॅरिनेट आभाळाकडे. वऱ्हाडातल्या कुणी गप्पा मारायला मान वळवली, कुणी पान थुंकायला तोंड फिरवलं, की तो क्लॅरिनेट तोंडातून काढून ओरडायचा, "माझ्याकडं बघा रे! पाठ नाय दाखवायची!" आणि लगेच पुन्हा फुंकायला लागायचा. वऱ्हाडी बिचारे शाळेतल्या पोरांसारखे समोर बघत चालायचे. लग्न कुणाचं आणि मान कुणाला, काही विचारू नका!

मी शहापूरच्या त्याच बँडपार्टीत ताशा वाजवायचो. लाल कोट, पितळी बटणं, आणि मालकांनी कुठून तरी जुने उचलून आणलेले ते कोट एकाच्याही अंगाला बसत नसत. ताशाखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होतं. ह्या उलट्या माणसाला त्याच्या पाठीमागचं सांगायचं. "डावीकडं गटार." "म्हैस येते, थांब." "आता पायरी." असा ताशावाला तुम्ही कुठे पाहिलाय का? मी तरी दुसरा पाहिला नाही.

एकदा मुरबाडच्या बाजारातून वरात चालली होती. माझी काडी मोडली म्हणून मी क्षणभर खाली बघितलं, तेवढ्यात हा एका बाईनं विकायला मांडलेल्या मडक्यांत जाऊन बसला. खळ्ळकन आवाज झाला. बाई कमरेला पदर खोचून उठली, "मेल्या, डोळे काय घरी ठेवून आलास?" म्हणून तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला, की वरात जागीच उभी राहिली. हा खापरांत मांडी घालून बसलेला, गाल टम्म फुगलेले, आणि सूर चालूच! शेवटी ती बाईच हसायला लागली. खरं सांगतो, सूर तुटला असता तर तिनं त्याला सोडला नसता.

हे खूळ त्याला लागलं कुठून, तेही सांगतो. तो तानसाच्या रानाकडच्या एका पाड्यातला. त्याचा बाप, आम्ही सगळे त्याला म्हातारबा म्हणायचो, तारपा वाजवायचा. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचं गुंडाळलेलं तोंड, असं ते वाद्य. नवा भात घरात आला की पाडा नाचतो. वाजवणारा वाजवत फिरतो, बाकीचे हातात हात घालून त्याच्याभोवती फिरतात, आणि तो जिकडे वळेल तिकडे साखळी वळते. नियम एकच. तारप्याला पाठ दाखवायची नाही. आणि वाजवणाऱ्यानं सूर तोडायचा नाही. वारा गालात साठवायचा, श्वास नाकानं ओढायचा, आणि फुंकत राहायचं. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की उभं राहून वाजवणं त्याला ठाऊकच नव्हतं.

तसा तो न वाजवतानाही कुठे उभा राहायचा म्हणा! चहा पितानासुद्धा ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या. कपात अर्धा, अंगावर अर्धा. जेवताना मध्येच उठून दाराशी जायचा, बाहेर बघायचा, परत येऊन बसायचा. "काय बघितलंस?" विचारलं तर म्हणायचा, "काय नाय. असंच." शहापुरात असला की त्याला पाडा आठवायचा, पाड्यावर गेला की दुसऱ्या दिवशी शहापूर. त्याची बायको वैशाखरे गावाकडची, बोलायला मोजकी पण खडखडीत. ती म्हणायची, "ह्यांच्याशी लगीन नाय झालं माझं, वाऱ्याशी झालं. दार उघडं ठेवायचं नि बसायचं." म्हणायची हसतच, पण दार खरंच उघडं ठेवायची.

एका मोठ्या घरच्या लग्नाला आमचा बँड होता आणि मुंबईहूनही एक बँड मागवला होता. तो गोव्याच्या एका मास्तरांचा. काळा सूट, गळ्यात फुलपाखरासारखा बो, केसांना तेल चोपडलेलं. हा फाटकापासून मांडवापर्यंत एक सूर धरून उलटा चालत आला. मास्तर सिगारेट पेटवायची विसरले. मला म्हणाले, "अरे, हो मनीस श्वास घेता तरी केन्ना?" मी म्हटलं, "मास्तर, हा श्वास कधी घेतो, तेच आम्ही इतकी वर्षं बघतोय." दुसऱ्या आठवड्यात हा मुंबईला गेला.

तिथे मास्तरांनी त्याच्या हातात सॅक्सोफोन दिला. गोरे लोक आणि पैसेवाले देशी लोक ज्या हॉटेलात नाचायला येत, तिथे मास्तरांचा बँड जाझ वाजवायचा. म्हणजे काय, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, चाल सगळ्यांची एक. पण मधीच मास्तर डोळ्यानं खूण करतात. मग आपण आपल्या वाटंनं जायचं, हिंडायचं, नि ठेक्यावर घरी यायचं." मी म्हटलं, "मग हे तुझंच काम." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्या वर्षी नव्या भाताच्या नाचाला तो सॅक्सोफोन घेऊनच पाड्यावर आला. पिवळं धमक ते वाद्य बघायला सगळा पाडा जमला. म्हातारबानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, तोंडात डोकावून बघितलं आणि विचारलं, "याचा भोपळा कुठं हाय?" लेक म्हणाला, "बा, भोपळा नसतो त्याला." म्हातारबा म्हणाला, "मग वारा कुठं ऱ्हातो? वाजव बघू." त्यानं वाजवलं. तारप्याचीच चाल, पण आवाज गरम आणि भरदार. साखळी बांधली गेली, पाडा फिरला. म्हातारबाचे पुढचे दात तेव्हा पडायला आले होते. नाच संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "चालंल. पन तू दर सालाला ये. माझं दात गेलं की हा पाडा कोनामागं फिरंल?"

"येतो की बा," हा म्हणाला. आणि इथेच सगळी गोची झाली.

कारण भात घरात येतो तेव्हाच मुंबईच्या हॉटेलांचा हंगाम सुरू होतो. नाताळापर्यंत मास्तर कुणालाही सोडत नसत. शिवाय हॉटेलात त्याचं रोजचं भांडण. ते लोक जोडीजोडीनं नाचतात, गोल गोल फिरतात, आणि फिरता फिरता बँडकडे पाठ करतात. ह्याला ते सहन होईना. पहिल्या संध्याकाळी हा खुर्चीवरून उठून वाजवत वाजवत नाचणाऱ्यांच्या मधोमध गेला, एका जाड्या साहेबासमोर उभा राहिला, आणि साहेब वळेल तसा त्याच्या तोंडासमोर येत राहिला. साहेबाला वाटलं हा दारू प्यायलाय. मास्तरांनी कोट धरून त्याला मागे ओढला. "अरे देवा, तुका नोकरी करपाची आसा की नाच शिकोवपाचो आसा?" हा घुश्शात म्हणाला, "मास्तर, ती सगळी पाठ दाखवतात. मी वाजवू कोनासाठी?" त्यावर मास्तरांनी उपाय काढला. डोळे मिटून वाजवायचं. तेव्हापासून त्या हॉटेलात तो डोळे मिटून वाजवणारा म्हणून नावाजला. लोकांना वाटायचं, काय तल्लीन होतो!

मास्तरांच्या बँडबरोबर त्याच्या काही तबकड्याही निघाल्या. शहापुरात भातगिरणीच्या शेठकडे फोनो होता, तिथे आम्ही त्या ऐकायचो. वाजवणारे चारपाच, त्यात हा एक. दोघांच्या मध्ये कोपराला कोपर लावून बसवलेला, म्हणून हलायला जागा नसायची. "ह्यात तुझा सूर कुठला?" शेठ विचारायचे. तो म्हणायचा, "तो काय, मधला. जीव घुसमटलेला."

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी त्याला नाचाला येता आलं नाही. म्हातारबाचे दात तोवर पूर्ण गेले होते. त्यानं हिरड्यांनी तारपा धरून बघितला, पण वारा बाजूनं निसटायचा. नवा भात आला आणि पाडा नाचलाच नाही. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, पाड्यावरून आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, लोक जमली, उभी ऱ्हायली, नि घरी गेली. मामंजी ओट्यावर तोंड फिरवून बसले." हे त्याला कळलं तेव्हा तो शहापुरात आमच्या अंगणात होता. नुसता फेऱ्या मारत राहिला. शेवटी म्हणाला, "मला दोन करायला पायजे होतं देवानं. एक इथं, एक तिथं."

आणि तिथेच त्याच्या डोक्यात आलं. दोन होता येतं की! तारप्याच्या चालीची तबकडी भरायची. मी नाय तर माझी तबकडी पाड्यावर जाईल, नि पाडा नाचेल.

कल्पना ऐकून मास्तर आधी हसले, मग तबकड्यांच्या कंपनीशी बोलून आले. तबकडीच्या एका बाजूला जागा मिळाली. पण एकदाच. बिघडवलीस तर पुन्हा नाही. ह्यानं हट्ट धरला की ठेका माझाच हवा, म्हणून मीही ताशाऐवजी ढोल घेऊन मुंबईला गेलो. ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतींना जाड पडदे, मधोमध दांडीवर एक मायक्रोफोन, काचेपलीकडे कानाला यंत्र लावलेला साहेब, आणि दाराच्या वर लाल दिवा. गरम तर इतकं होत होतं की ढोलाचं कातडं सैल पडलं. मास्तरांनी मायक्रोफोनसमोरची जागा दाखवून बजावलं, "हांगा उबो राव. हालूं नाका." हा म्हणाला, "बरं."

लाल दिवा लागला. मी ठेका धरला. त्यानं सूर लावला, आणि आई शपथ सांगतो, असा सूर त्यानं आयुष्यात लावला नसेल. तानसाचं रान, पाडा, ते अंगण, सगळं त्या बंद खोलीत आलं. आणि मी बघतो तर काय, हा वळला! मायक्रोफोनकडे पाठ करून खोलीभर निघाला, पडद्यापर्यंत गेला, वळून परत आला, पुन्हा निघाला. डोळे मिटलेले, पावलं नाचाची. काचेपलीकडे साहेब दोन्ही हात हलवतोय, मास्तर कपाळ धरून बसलेत. मी ठेका सोडायला हवा होता म्हणाल, पण माझे हात थांबेनात. चाल संपेपर्यंत आम्ही दोघं वाजवतच राहिलो.

साहेब बाहेर आला तो तणतणतच. आवाज येतो आणि जातो, येतो आणि जातो, असली तबकडी कोण घेणार? मास्तरांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा कुठे आणखी एकदा भरायला त्यानं होकार दिला. पण ह्याला एका जागी ठेवायचा कसा? मास्तरांनी सुटाचा कोट काढला, गळ्यातला बो सोडला, जमिनीवर बसले आणि ह्याचे दोन्ही घोटे घट्ट धरले. "आतां वाजय!" हसू नका. तसं धरूनच ती तबकडी भरली. मला तिथल्या तिथे वाटलं, हे ठीक आहे, चोख आहे, पण मघाचं ते हे नव्हे. त्याच्याकडे बघितलं तर तो रुमालानं सॅक्सोफोन पुसत होता, मान खाली घालून.

दुसरी तबकडी कंपनीनं पास केली, बाजारात आली. पहिलीचा एक नमुना निघाला होता, तो नापास झाला. मास्तरांनी तो मागून घेऊन आपल्या खोलीत ठेवला.

पुढच्या भाताला त्यानं मास्तरांच्या हातापाया पडून रजा काढली. स्वतः वाजवायला नव्हे हं, तबकडी चालते का ते बघायला. शेठचा फोनो मी डोक्यावर घेतला, बैलगाडी आणि मग पायवाट करत पाड्यावर पोचलो. दुपार कलली होती. अंगण सारवलेलं, लोक नवे कपडे घालून आलेले. फोनो मधोमध ठेवला, चावी दिली, पिन टेकवली. सूर निघाला, स्वच्छ, अगदी जवळचा. लोकांनी साखळी धरली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबले. एकमेकांकडे बघायला लागले. चाल संपली तोवर सगळे नुसते उभे होते, पाहुण्यापुढे उभे राहतात तसे.

ह्यानं बापाकडे बघितलं. म्हातारबाचे डोळे तेव्हा अधू झाले होते. तो म्हणाला, "सूर बेस हाय रं. पन वाजवनारा उभा हाय. उभ्याच्या मागं कसं फिरायचं?"

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, स्पष्ट सांगतो. लेकानं एवढा जिवाचा आटापिटा केला, जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं! पण हा रागावला नाही. मान डोलावत राहिला. "बा बोलतो ते खरं हाय," मला म्हणाला. मग सॅक्सोफोन काढला, स्वतः वाजवला, आणि पाडा दिवेलागणीपर्यंत नाचला. जाताना बापाला म्हणाला, "पुन्हा भरतो. या वेळी नीट भरतो." कंपनी पुन्हा बोलावणार नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

लढाईचे दिवस होते. कलकत्त्यात सोल्जरांची गर्दी झाली होती, तिथल्या हॉटेलांना बँड हवे होते. मास्तर निघाले, तेव्हा हाही निघाला. तिथे दुसऱ्या कंपन्या आहेत, कुणीतरी तबकडी भरून देईल, असं त्यानं मनात घेतलं होतं. आसनगावच्या स्टेशनावर मी त्याला सोडायला गेलो. गाडी हलली तरी तो डब्याच्या दारात उभा, तोंड आमच्याकडे. वहिनी डोळे पुसायला वळली, तर तिकडून ओरडला, "ए, पाठ नाय दाखवायची!" रडता रडता हसली ती.

कलकत्त्याला त्याला ताप आला आणि त्यातच तो गेला. मास्तर स्वतः शहापूरला आले ते सांगायला. त्यांच्या केसांना तेल नव्हतं, गळ्यात बो नव्हता. माझ्या ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. तिथे त्याला तबकडी भरून द्यायला कुणी तयार झालं नव्हतं. मला राहून राहून एकच वाटत होतं, त्या परक्या शहरात त्याला पाठीमागचं सांगायला कोण होतं? मास्तरांनी सॅक्सोफोनची पेटी वहिनीच्या हातात दिली आणि कागदात गुंडाळलेली ती नापास तबकडी माझ्या. म्हणाले, "बिघडलेली आसा. पूण ताचें असलें वाजप परत खंय मेळटलें?"

त्या वर्षी पाड्यानं नाच केला नाही. पुढच्या वर्षी भात आला, तेव्हा वहिनी माझ्याकडे आली. "भाऊजी, ती बिघडलेली घेऊन चला," म्हणाली. "नाचू देत, नाय नाचू देत. ऐकू तरी." पुन्हा शेठचा फोनो डोक्यावर घेतला.

तेच अंगण. म्हातारबा ओट्यावर, आता डोळे पूर्ण गेलेले. लोक आले, पण कुणी हात धरले नाहीत, कडेकडेनं उभे राहिले. मी चावी दिली, पिन टेकवली. माझा ढोल वाजला, त्याचा सूर निघाला. मी खाली बघत होतो, कारण वर बघवत नव्हतं. थोड्या वेळानं सूर बारीक झाला, लांब गेला. नापास का झाली होती ते मला ठाऊक होतं, तरी वाटलं पिन घसरली. मी हात पुढे केला.

"हात लावू नको," म्हातारबा ओरडला. "तो वळला."

सूर आणखी लांब गेला, पडद्यापर्यंत गेला असेल, आणि मग हळूहळू परत यायला लागला. म्हातारबानं हात वर करून दाखवलं, "आला. हिकडून आला." कुणीतरी शेजारच्याचा हात धरला. त्यानं पुढच्याचा. सूर पुन्हा दूर निघाला तशी साखळी त्याच्यामागे निघाली, तो वळला तशी वळली. फोनो जागच्या जागी, आणि पाडा फिरतोय! ते कुठे बघून फिरत होते कुणास ठाऊक, पण एकाचंही पाऊल चुकलं नाही.

तबकडीची एक बाजू ती केवढी! संपली की साखळी हात न सोडता उभी राहायची, मी चावी द्यायचो, पिन परत ठेवायचो. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मधेच कधीतरी वहिनी ओट्यावरून उतरून साखळीच्या टोकाला लागली. सूर लांब जाई तेव्हा तिचा चेहरा कावराबावरा व्हायचा, आणि परत येई तेव्हा पाऊल जोरात पडायचं.

शेवटी उजेड सरला. मी पिन उचलली आणि फोनोचं झाकण लावायला लागलो. लोक एकेक करून पांगले. वहिनी तेवढी अंगणात राहिली होती. "चल गो, आत ये," म्हातारबानं हाक मारली.

ती निघाली. तोंड फोनोकडेच ठेवून, उलट्या पावलांनी, एकेक पाऊल मागे टाकत. मी झाकण तसंच उघडं धरलं. ओटा जवळ आला तेव्हा मी सवयीनं म्हटलं, "वहिनी, आता पायरी."